पाठीवरचे बिऱ्हाड

१९०७ हे साल मराठी वाचकाच्या दृष्टीने मोठे नवलाचे म्हटले पाहिजे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मराठीत उतरविलेले मॅझिनीचे आत्मचरित्र त्या साली महाराष्ट्रात छापले गेले आणि सरकारने ते जप्तही केले. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सत्तावनच्या धामधुमीत केलेल्या प्रवासाचा वृत्तांत भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी त्याच साली उजेडात आणला. आणि तिकडे इंग्लंडात ट्रेव्हेलियन या तरुण इतिहासकाराचा गॅरिबाल्डी व रोमचे प्रजासत्ताक यांवरील ग्रंथ बाहेर पडला. १८४९ साली गॅरिबाल्डी रोमहून ज्या डोंगरवाटांनी माघारला, त्या वाटा ट्रेव्हेलियनने लेखणी हाती धरण्यापूर्वी स्वतःच्या पायांनी तुडविल्या होत्या.

हे तीनही ग्रंथ आमच्या घरी एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांचे एकमेकांशी काही नाते असेल, हे मात्र आमच्या ध्यानात यावयास पन्नाशी उलटावी लागली आणि इटलीत जाऊन पायाला फोड यावे लागले.

हकीकत अशी की, नागपुरातील आम्ही चार मित्र गेली वीसेक वर्षे रोज सकाळी अंबाझरीच्या पाळीवर फिरावयास जातो. एक डॉक्टर, एक वकील, एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आणि चौथे आम्ही, महाविद्यालयात इतिहास शिकविणारे. अशाच एका सकाळी आम्ही ट्रेव्हेलियनच्या पायपिटीची गोष्ट सांगत असता डॉक्टर म्हणाले, “मास्तर, दुसऱ्याच्या चालण्याची गोष्ट किती दिवस सांगणार? स्वतः चला की!” शब्दाला शब्द वाढला, आणि २०२४ च्या मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असता, आम्ही चौघे पाठीवर पडशा बांधून टस्कनीतील आरेझो या गावाबाहेर उभे होतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते शब्दशः खरे झाले. प्रत्येकाच्या पाठीवर बारा किलो ओझे होते. त्यात डॉक्टरांनी औषधे भरली होती, वकिलांनी चिवडा आणि आम्ही ट्रेव्हेलियन. तिसऱ्या दिवशी चिवडा संपला. ट्रेव्हेलियनचे वजन काही कमी झाले नाही.

वाटेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. जुलै १८४९ मध्ये फ्रेंचांनी रोम घेतले. गॅरिबाल्डी सुमारे चार हजार माणसे घेऊन शहराबाहेर पडला. मागे फ्रेंच, पुढे ऑस्ट्रियन, बरोबर गरोदर पत्नी अनिता. आरेझोने वेशीचे दरवाजे उघडले नाहीत, तेव्हा त्याने पूर्वेकडे वळून टायबर नदीचे वरचे खोरे ओलांडले, अपेनाइन पर्वत पार केला आणि ३१ जुलैस सान मारिनोच्या चिमुकल्या प्रजासत्ताकात आश्रय घेतला. तोवर निम्म्याहून अधिक माणसे गळाली होती. चार दिवसांनी राव्हेन्नाजवळच्या एका शेतघरात अनिता मरण पावली. शिवछत्रपतींची आग्ऱ्याहून सुटका किंवा राजारामाचा जिंजीचा प्रवास आम्ही ज्या चवीने वाचतो, त्याच चवीने इटालियन शाळकरी पोर ही माघार वाचते.

टायबरच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या टेकडीवर चितेर्ना नावाचे गाव आहे. तेथील खाणावळीच्या वृद्ध मालकिणीने आमचे वर्ण न्याहाळून, “हिंदी का?” असे विचारले, आणि होकार मिळताच हाताने दक्षिण दाखवीत, “मग मोंतोनेला जाऊन आलात?” असा दुसरा प्रश्न टाकला. मोंतोने आमच्या वाटेवर नव्हते. तेथे काय आहे, असे विचारता तिने एक नाव उच्चारले. इटालियन जिभेवरून ते इतके वेडेवाकडे होऊन आले की आम्हांस ते तीनदा ऐकावे लागले. चौथ्यांदा आमचे इंजिनियर, जे मूळचे कोकणातले, एकदम ताठ बसले. “अहो, ती यशवंत घाडगे म्हणते आहे!”

दुसरे दिवशी आम्ही गॅरिबाल्डीला तेथेच सोडून दक्षिणेची वाट धरली.

मोंतोने हे तटबंदीचे, दगडी पायवाटांचे, टेकडीवर बसलेले खेडे आहे. पंधराव्या शतकातील ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा भाडोत्री सेनापती याच घराण्यातला. पैसे देईल त्याच्यासाठी लढणारे असे सरदार त्या काळच्या इटलीत पुष्कळ होऊन गेले, आणि आज चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. त्या गावात जुलै २०२३ मध्ये एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. ते नायक यशवंत घाडगे यांचे स्मारक होय. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. आम्ही पोहोचलो तेव्हा शंकूची सावली अकराच्या पुढे सरकली होती. वकिलांनी मनगटावरील घड्याळाशी ताडा पाहून, “उन्हाळ्याचा तास मोजलेला नाही,” असा शेरा मारला. वकील ते वकीलच.

यशवंत घाडगे कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १९२१ चा जन्म. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नायक. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण मेला वा जखमी झाला. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँबने तोफ आणि तोफवाला उडविला, आणखी एकास गोळी घातली. बंदुकीतील गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास उसंत नव्हती, म्हणून नळी मुठीत धरून दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांस ठार केले. मोर्चा हाती आला, आणि त्याच जागी दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देह कोठे आहे हे ठाऊक नाही. थडगे नाही, म्हणून मोंते कासिनोच्या स्मारकावर, ज्यांस थडगे लाभले नाही अशा चार हजारांहून अधिक नावांत त्यांचे नाव कोरले आहे.

सूर्यघड्याळाच्या ओट्यावर बसून आम्ही ब्रेड आणि टोमॅटो खात असता वकील म्हणाले, “शौर्याला मान आहे. पण प्रश्न उरतोच. हा माणूस कोणासाठी लढला? सोळा ऑगस्ट बेचाळीसला आष्टी आणि चिमूर पेटले. आपली माणसे गोळ्यांनी पडली, कित्येकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून भन्साळी त्रेसष्ट दिवस उपाशी राहिले. अनसूयाबाई काळे फाशीवाल्यांचे प्राण वाचविण्यासाठी दारोदार फिरत होत्या. आणि त्याच सरकारचा गणवेश चढवून हे इटलीला मोकळे करीत होते. पगारासाठीच ना?”

वकिलांचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या तोंडी नुसता वादाचा नव्हता. आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. त्यांच्या बाजूने आणखीही बोलता आले असते. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांतूनच सुभाषबाबूंनी जर्मनीत आपले सैन्यदल उभे केले. म्हणजे त्या शिपायांपैकी काहींपुढे दुसरी वाट आली होती, आणि ती कोणी धरली, कोणी धरली नाही.

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विष्णुभट आठवले. ते वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे का निघाले? स्वराज्यासाठी नव्हे, राणीसाठी नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून निघाले. बरोबर काका होते. वाटेत बंड गाठ पडले, झाशी डोळ्यांदेखत पडली, जवळचे द्रव्य लुटले गेले, आणि अखेर खांद्यावर गंगेची कावड तेवढी घरी आली. पोटासाठी निघालेला हा भिक्षुक आज आमच्या वाङ्मयाचे भूषण आहे. वरसईही रायगडातच, माणगावापासून फार दूर नाही. एकाच मुलखातले दोघे, दोघेही घरच्या विवंचनेमुळे परमुलखात गेले, दोघांनाही दुसऱ्यांचे युद्ध गाठ पडले. भेद एवढाच की, विष्णुभटांना चिंतामणराव भेटले. “तुम्ही पाहिलेत ते लिहून काढा,” असे त्यांना कोणी तरी म्हणाले. घाडगे तर परतलेच नाहीत. पण जे परतले, त्यांना तसे कोण म्हणाले?

सकाळी हे आम्ही वकिलांस ऐकविले. ते काही अंतर मुकाट्याने चालले. मग म्हणाले, “युक्तिवाद बरा आहे. पण माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे.” ते खरेच आहे. आजही त्या प्रश्नाचे चोख उत्तर आमच्याजवळ नाही. गावात फोर्तेब्राच्चोचे नाव अभिमानाने घेणाऱ्या इटालियनांना तो प्रश्न पडत नाही, एवढे मात्र दिसले.

आता ही माणसे इटलीत आली कशी, ते पाहू. मराठ्यांची इटालियनांशी पहिली गाठ इटलीत नव्हे, आफ्रिकेत पडली. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर तिसरी पलटण इटालियन सैन्याशी झुंजली. पुढच्या वर्षी, २१ जून १९४२ रोजी, तोब्रुक पडले आणि ‘काली पाचवीं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पलटणीवर शत्रूच्या हाती सापडण्याची वेळ आली. अशा कैद्यांस समुद्रापार इटलीत नेण्यात आले. आब्रुत्सीच्या डोंगरांत आव्हेत्सानो येथे हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. तेव्हा इटलीच्या भूमीवर मराठी शिपायाचे पाऊल प्रथम पडले असेल, ते विजेत्याचे नव्हे, बंदिवानाचे.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. देशभर सुमारे ऐंशी हजार दोस्त कैदी होते. जर्मन सैन्य छावण्यांचा ताबा घेईपर्यंत मधल्या थोड्या दिवसांत हजारो जण तारांबाहेर पडले आणि अपेनाइनच्या कण्याकण्याने, दोघे-चौघे मिळून, कोणी दक्षिणेस दोस्त फौजांकडे तर कोणी उत्तरेस स्वित्झर्लंडकडे पायी चालू लागले. त्यांत हिंदी शिपाईही होते. आम्ही ज्याला हौसेने पदयात्रा म्हणतो, ती हीच. फक्त त्यांच्या पाठीवर पडशी नव्हती, अंगावर कोणा शेतकऱ्याचा जुना कोट होता, आणि मुक्काम म्हणजे गोठा. कैद्यास आसरा देणाऱ्यास जर्मनांनी देहदंड फर्मावला होता. तरीही डोंगरातील गरीब कुणब्यांनी दारे उघडली आणि मक्याच्या पिठाचा घाटा पुढे केला. हा घाटा आम्हीही वाटेत खाल्ला. ज्वारीच्या कण्या ज्याने खाल्ल्या आहेत, त्यास तो परका वाटू नये.

त्याच सप्टेंबरात टारांटो बंदरात आठवी हिंदी डिव्हिजन उतरली. तीत मराठ्यांची पहिली, म्हणजे ‘जंगी’ पलटण होती. तिसरी पलटण पुढे दहाव्या डिव्हिजनबरोबर आली. तेथून एकोणीस महिने ही माणसे इटलीच्या टाचेपासून पो नदीच्या मैदानापर्यंत चढत गेली. नकाशावर पाहिले तर हा मुलूख म्हणजे मधोमध कणा आणि दोहो बाजूंस फासळ्यांसारख्या नद्या. एक नदी ओलांडावी तो पुढे दुसरी, आणि प्रत्येकीच्या पलीकडच्या काठावर जर्मन. त्रिन्यो, सांग्रो, कासिनोखालची गारी, आर्नो, सेनिओ. पावसाळ्यात पूर, हिवाळ्यात बर्फ. मोटारी चिखलात रुतल्या की सामान खेचरांवर आणि खेचरे अडली की माणसांच्या पाठीवर. आमच्या बारा किलोंचे कौतुक येथे संपले.

सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक इटलीत लढले आणि पावणे सहा हजारांच्या आसपास तेथेच राहिले. या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैन्याच्या वाट्यास आले, त्यांतले दोन मराठ्यांचे.

एका प्रसंगापाशी मात्र आम्हांस थांबल्यावाचून राहवत नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सवर लढाई चालून आली. तेथील उफ्फिझी संग्रहालयातील चित्रे आधीच खेड्यापाड्यांतील वाड्यांत हलविली होती. मोंतेगुफोनी नावाच्या वाड्यात जोत्तो होता, चिमाबुए होता, उच्चेल्लोचे सान रोमानोच्या लढाईचे प्रचंड चित्र होते आणि बॉत्तिचेल्लीचा ‘वसंत’ होता. उफ्फिझीचा ग्रंथपाल चेझारे फासोला फ्लॉरेन्सहून लढाईच्या आघाडीतून पायी चालत तेथे गेला आणि चित्रे राखीत बसला. जर्मन हटले, आणि वाड्यात आली ती मराठा पलटण. एरिक लिंकलेटर हा इंग्रजीतील लेखक एका वार्ताहर मित्रासह या पलटणीच्या भेटीस गेला असता, भिंतीशी उघडीच टेकून ठेवलेली ही चित्रे पाहून थक्क झाला. त्याने ते लिहून ठेवले, म्हणून जगाला कळले.

आम्ही तीस वर्षे वर्गात पुनरुज्जीवनाचा काळ शिकवितो. बॉत्तिचेल्ली आम्हांस तळहाताएवढ्या छापील चित्रांतून भेटला. मूळ चित्र प्रथम पाहिले ते या प्रवासाच्या अखेरीस, फ्लॉरेन्सला, तिकिटाच्या रांगेत उभे राहून, माणसांच्या डोक्यांवरून. आणि साताऱ्या-रत्नागिरीकडचा एखादा शिपाई त्याच चित्राशेजारी वळकटी पसरून झोपला असेल. त्यास त्या बाया, ती नारिंगांची झाडे कशी दिसली असतील? नारिंगाच्या या नागपुरातून आम्ही कितीही तर्क चालविला तरी व्यर्थ. तो त्याच्या जिवंतपणी विचारावयाचा प्रश्न होता.

आणि येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या लहानपणी धंतोलीत घराजवळच्या एका बँकेच्या दाराशी एक वृद्ध पहारेकरी बसत. मूळचे सातारकडचे. मुलास रेल्वेत नोकरी लागली म्हणून नागपुरास आलेले. पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. आम्ही पोरे त्यांना हवालदारबाबा म्हणत असू. ‘जंगी पलटणीत’ आपण इटलीपर्यंत गेलो होतो, असे ते सांगत, आणि मधूनच एखादा चमत्कारिक शब्द फेकून आम्हांस हसवीत. एकदा त्यांनी एका नदीची गोष्ट काढली. दोन्ही बाजूंस घराएवढे उंच बांध, मध्ये पाणी, पलीकडच्या बांधाच्या पोटात शिरून बसलेला शत्रू. नदीचे नाव सांगितले ‘सेनू’. आम्ही त्या वर्षी भूगोलात पहिले आलो होतो. घरातून नकाशाचे पुस्तक आणून आम्ही त्यांस समजावून दिले की, बाबा, अशी नदी इटलीत नाही. पो आहे, टायबर आहे, आर्नो आहे. तुम्ही म्हणता ती सीना असेल, ती नगर-सोलापुराकडे आहे. त्यांनी पुस्तकावर थोडा वेळ बोट फिरविले आणि म्हणाले, “आसंल बाबा. पुस्तकात आसंल तेच खरं.” पुढे ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. आम्ही मॅट्रिक होण्यापूर्वीच ते वारले.

मोंतोनेच्या सूर्यघड्याळापाशी हे सारे आठवले. म्हणून सान मारिनोला गॅरिबाल्डीचा निरोप घेतल्यावर आम्ही मित्रांस उत्तरेकडे आणखी दोन दिवस मागून घेतले. वाटेत फोर्ली येथे हिंदी सैन्याचे स्मशान आहे. तेथे सुमारे पाचशे थडगी आहेत, आणि ज्यांस अग्नी दिला अशा साडेसातशेहून अधिक जणांची नावे दहनस्मारकावर आहेत. गवत बारीक कापलेले, गुलाब लावलेले, माणूस एकही नाही. डॉक्टर मोठ्याने वाचीत चालले आणि आम्ही मागून ऐकत होतो. शिंदे, पवार, मोरे, जाधव, कदम. शाळेची हजेरीच जणू. पन्नासेक नावांनंतर त्यांचा आवाज बसला. मग वकिलांनी वाचावयास घेतले. ज्यांनी मोंतोनेला तो प्रश्न टाकला होता, तेच वकील. सारी नावे संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

तेथून सेनिओ. पोच्या सपाट मैदानात ही नदी दुरून दिसतच नाही. शेतांच्या कडेला एक लांबच लांब हिरवा बांध दिसतो, त्याच्या आड ती वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी दुपारी विमानांचा मारा झाल्यावर आठव्या डिव्हिजनने ती ओलांडली. जंगी पलटणीचा निरोप्या नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, वय तेवीस, आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर पाण्यात उतरला. पूर्वेचा बांध घेताना बरोबरचे सारे पडले. जाधवांनी दोघा जखमींस एकामागून एक पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. मग ते पुन्हा पलीकडे गेले आणि एकट्याने तीन मशिनगनचे मोर्चे बंद पाडले. हाताला जखम होऊन बंदूक धरवेना, तेव्हा हातबाँबवर भागविले. शेवटी बांधावर उभे राहून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्यांस हाताने बोलाविले. १९८४ पर्यंत ते हयात होते, पुण्यात वारले. पुण्यास लेखकांची, प्रकाशकांची आणि इतिहास-संशोधकांची कधी वाण नव्हती.

आम्ही बांधावर चढलो. इंजिनियर पावलांनी उंची मोजू लागले, कारण बांध दिसला की त्यांस राहवत नाही. “वीस फूट तरी आहे,” म्हणाले, “आणि भराव उत्तम दाबलेला आहे.” हवालदारबाबांनी घराएवढा म्हटला होता. मे महिन्याचे पाणी संथ आणि गढूळ होते. पलीकडच्या उतारावर एक म्हातारा गवत कापीत होता, त्याने हात उंचावला. डॉक्टर बूट काढून बसले आणि पायाचा फोड पाहू लागले. आम्ही खाली पाण्यापर्यंत उतरलो.

वरून वकिलांनी विचारले, “काय हो मास्तर, नाव काय म्हणालात या नदीचे?”

आम्ही सांगितले, “सेनू.”